न पडलेला पिवळा रुमाल

20 जानेवारी 2019. न्यू ऑर्लिन्सचं सुपरडोम स्टेडियम खचाखच भरलंय. हा अमेरिकन फुटबॉल, इथे चेंडू हातानं फेकतात. सेंट्स आणि रॅम्स हे संघ 20-20 बरोबरीत आहेत. जिंकेल तो सुपर बोलमध्ये, म्हणजे हंगामाच्या अंतिम सामन्यात, जाणार. दोन मिनिटंही उरलेली नाहीत.

सेंट्सचा ड्रू ब्रीझ मैदानाच्या कडेला पास टाकतो. टॉमीली लुइस चेंडूच्या दिशेनं वळतो. चेंडू अजून हवेत आहे, आणि रॅम्सचा निकेल रोबी-कोलमन त्याच्यावर आदळतो. लुइस आडवा होतो.

आता पंचांच्या कमरेकडे बघा. तिथे खोचलेला पिवळा रुमाल मैदानावर पडला, की नियम मोडला असं समजायचं. तो पडलाच नाही.

नियम काय सांगतो? पास हवेत असताना झेलणारा आणि अडवणारा, दोघांचाही चेंडूवर सारखाच हक्क. चेंडूसाठी झेपावताना धक्का लागला तर चालतं. पण चेंडू यायच्या आधीच समोरच्याला अडवलं, त्याची झेलायची संधी हिरावली, तर तो 'पास इंटरफिअरन्स'. चेंडू मुळात झेलण्याजोगा मात्र हवा. शिक्षाही जबर असते. व्यावसायिक लीगमध्ये गुन्हा जिथे घडला तिथूनच पास टाकणाऱ्या संघाचा पुढचा डाव, मग त्यांना फुकट मिळालेलं अंतर चाळीस यार्डांचं का असेना. कॉलेजच्या सामन्यांत ते पंधरा यार्डांच्या पुढे जात नाही.

आणि हे सगळं ठरवायचं क्षणार्धात. मैदानावर सात पंच असतात, प्रत्येकानं कोणावर नजर ठेवायची ते वाटून दिलेलं असतं. पास सुटला की प्रेक्षक चेंडू बघतात, पंचाला मात्र खेळाडूंचे हात, खांदे, पाय बघावे लागतात. आधी धडक झाली की आधी चेंडू आला? हे त्याला नजरेच्या कोपऱ्यातून टिपायचं असतं. मला हे काम फार अवघड वाटतं. तरीही त्या दिवशीची चूक उघड होती. खुद्द रोबी-कोलमननं सामन्यानंतर ती कबूल केली.

रुमाल पडला असता, तर सेंट्सना घड्याळ जवळजवळ संपवून सोपी किक मारता आली असती. प्रत्यक्षात त्यांनी किक मारून तीन गुण मिळवले आणि 23-20 आघाडी घेतली, पण रॅम्सना वेळ मिळाला. त्यांनी बरोबरी साधली आणि जादा वेळेत ग्रेग झुअरलाइनच्या 57 यार्डांच्या किकवर सामना 26-23 असा जिंकला. लीगच्या पंचप्रमुखांनी फोनवर चूक मान्य केल्याचं सेंट्सचे प्रशिक्षक शॉन पेटन यांनी त्याच दिवशी पत्रकारांना सांगितलं.

दोन महिन्यांनी संघमालकांनी 31 विरुद्ध 1 मतांनी नियम बदलला. पास इंटरफिअरन्सचा निर्णय, अगदी न पडलेला रुमालसुद्धा, व्हिडिओवर तपासता येईल, पण एका हंगामापुरताच. पडद्यावर संथ गतीत प्रत्येक स्पर्श गुन्हा वाटू लागतो. कुठल्या स्पर्शानं खरंच संधी गेली, हे कॅमेऱ्यालाही सांगता येईना. प्रशिक्षकांनी दाद मागितली, पण बहुतेक वेळा मैदानावरचा निर्णयच कायम राहिला आणि गोंधळ वाढत गेला.

2020 मध्ये मालकांनी तो नियम पुढे चालू ठेवला नाही.