विजेचं बिल, स्पार्क आणि शेवटी (वेळ उरला तर) कंपायलर

तर मंडळी, पाटीवर विषय लिहिलाय ‘जुने प्रोसेसर आणि त्यांचे कंपायलर’. कंपायलरवर (म्हणजे आपल्या कोडचं प्रोसेसरच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमवर) येतोच, पण त्याआधी विजेच्या बिलाची गोष्ट सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. ज्यांनी माझ्याकडून ती आधी ऐकलीय त्यांनी खुशाल मोबाइल काढा.

जानेवारी २०१४. ओपनबीएसडी या फुकट मिळणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमवाल्यांनी जाहीर केलं की विजेचं बिल भरायला साधारण २०,००० डॉलर हवेत, नाहीतर प्रकल्प बंद पडेल. बिल कसलं, तर कॅनडातल्या कॅल्गरीत प्रकल्पाचे प्रमुख थिओ डी राट यांच्या घरच्या तळघरात रॅकभर मशीन चालू असायची, स्पार्क, अल्फा, व्हॅक्स असल्या जुन्या प्रोसेसरची. आता फुकटचे सल्ले किती यावेत! जुनं भंगार फेकून द्या, क्लाउडवर जा, इम्युलेटर (मशीनची सॉफ्टवेअरमधली नक्कल) लावा. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मेंटेनन्स न भरणाराच सगळ्यात जास्त बोलतो ना, तसंच. (हसताय म्हणजे तुमच्याकडेही आहे एक.) शेवटी पैसे जमले, त्यात एका बिटकॉइनवाल्याने एकट्यानेच २०,००० दिले.

पण भंगार ठेवायचं का? त्यांचा नियम असा की प्रत्येक आर्किटेक्चरची (प्रोसेसरच्या जातीची) सिस्टीम त्याच मशीनवर बिल्ड व्हायला पाहिजे, इंटेलवर क्रॉस-कंपाइल करून, म्हणजे एका मशीनवर दुसऱ्यासाठी बनवून, नाही. व्हॅक्सवर त्याला दिवसच्या दिवस जायचे, जाऊ देत, कारण आख्खी सिस्टीम बिल्ड होणं हीच मोठी टेस्ट असते. आणि इंटेल फार माफ करतो हो! चुकीच्या अलाइनमेंटवरून (४ ने भाग न जाणाऱ्या पत्त्यावरून) इंट, म्हणजे पूर्णांक, वाचलात तरी गपगुमान वाचून देतो, स्पार्क तिथल्या तिथे बस एरर मारून प्रोग्रॅम पाडतो. किंवा फंक्शनला उत्तर लिहायला लाँगचा (इंटच्या दुप्पट जागेच्या आकड्याचा) पॉइंटर, म्हणजे पत्ता, हवाय आणि तुम्ही कास्ट करून इंटचा दिलात, तर ६४ बिटच्या लिटल एंडियनवर (आकड्याचा धाकटा भाग आधी ठेवणाऱ्या मशीनवर) आकडा बरोबर दिसतो, शेजारच्या व्हेरिएबलची वाट लागलेली सहा महिन्यांनी कळते. बिग एंडियन (थोरला भाग आधी ठेवणाऱ्या) स्पार्क६४ वर त्याच जागी सरळ शून्य येतं, त्याच दिवशी कळतं. बग दोन्हीकडे तोच. (स्पार्कला परकं समजू नका, आपल्या सी-डॅकचा १९९८ चा परम १०००० सुपरकॉम्प्युटर अल्ट्रास्पार्कवरच होता.)

म्हणजे जुनं ते सगळं ठेवा असं मी म्हणतोय का? अजिबात नाही. त्याच २०१४ च्या एप्रिलमध्ये एन्क्रिप्शनच्या ओपनएसएसएल लायब्ररीत हार्टब्लीड नावाचं मोठं भगदाड सापडलं आणि याच लोकांनी ती फोर्क करून (प्रत काढून वेगळी करून) लिब्रेएसएसएल केलं, पहिल्याच आठवड्यात ९०,००० ओळी उडवल्या. त्यात व्हीएमएस (व्हॅक्सची मूळ ऑपरेटिंग सिस्टीम), १६ बिट विंडोज, कायकाय होतं. व्हॅक्स चालवणारी माणसं व्हीएमएसचा कोड फेकतात, कारण तो त्यांच्याकडे कोणी चालवून बघतच नव्हतं. चालू मशीन आणि पडून असलेला इफडेफ (अमुक मशीन असेल तरच घ्यायचा कोड) यात माझ्या मते एवढाच फरक आहे, पण तो...

बरं, पाचच मिनिटं उरलीत म्हणे. कंपायलर!

माझं म्हणणं असं, हार्डवेअर मरत नाही, कंपायलर मरतो. त्यांचा कंपायलर जीसीसी. ४.२.१ नंतर, म्हणजे २००७ मध्ये, त्याचं लायसन्स जास्त अटींचं जीपीएल ३ झालं, ओपनबीएसडीला ते चालत नव्हतं म्हणून ते तिथेच थांबले. एएमडी६४ आणि आय३८६ सिस्टीम २०१७ मध्ये ६.२ आवृत्तीपासून क्लँग या दुसऱ्या कंपायलरवर गेल्या, पण मोटोरोला ८८००० प्रोसेसरला क्लँग नाहीच, त्यामुळे त्यावरचं ओमरॉनचं ल्यूना मशीन जीसीसी ३.३.६ वर अडकलं. म्हणजे मूळ सिस्टीमचा सी कोड त्या म्हाताऱ्या कंपायलरलाही समजेल असा लिहायचा, आणि आधुनिक सी++ मधला ब्राउझर वगैरे विसरायचं. व्हॅक्स तर २०१६ च्या ५.९ नंतर गेलंच.

आता रस्ट ही नवी भाषा. तिचा कंपायलर एलएलव्हीएमवर (क्लँगचाही पाया तोच) उभा, ज्या प्रोसेसरला तिथे नीट बॅकएंड (त्याचा मशीन कोड काढणारा भाग) नाही तो बाहेर. २०२१ मध्ये पायथनच्या क्रिप्टोग्राफी पॅकेजला रस्ट लागायला लागलं तेव्हा अल्फा, एचपीपीए असल्या जुन्या प्रोसेसरवाल्यांची किती बोंबाबोंब झाली! रस्ट वाईट आहे असं नाही म्हणत मी, पण बॅकएंड कोण लिहिणार आणि पुढे कोण सांभाळणार हे पॅच घ्यायच्या आधी विचारा.

हो हो, थांबतो. ज्यांना करून बघायचंय त्यांनी क्यूएमयू या इम्युलेटरवर एखादं बिग एंडियन डेबियन लिनक्स टाका, प्रकल्पाला इम्युलेटर पुरत नसेल, तुम्हाआम्हाला पुरतो. आपलाच कोड त्यावर टेस्ट करा, आणि काय काय फुटलं ते चहाला सांगा.