घुमट, फेरीबोट आणि कोड

[माटोळीवरून कॅमेरा खाली घुमटावर येतो. आरतीचा आवाज.]

फोंडा तालुका. चवथीची दुसरी रात्र. गणपतीवर टांगलेल्या चौकटीला, म्हणजे माटोळीला, सुपारीचे घोस, आंबाडे, चिबूड.

हे हात पाहा. घुमट म्हणजे दोन तोंडांचं मातीचं भांडं. मोठ्या तोंडावर चामडं ताणलेलं, धाकटं उघडं. उजव्या हाताची बोटं चामड्यावर नाचतात, डावा तळवा उघडं तोंड झाकतो, सोडतो. नाद कोंडतो, सुटतो. चामडं पूर्वी घोरपडीचं असे. वन्यजीव कायद्यानं ते थांबलं, आता बकऱ्याचं लावतात. नाद थोडा बदलला, असं जुने वाजवणारे सांगतात.

गेल्या चवथीला आमच्या वाड्यावरच्या मुलांनी ही आरती फोनवर टिपून नेटवर टाकली. रात्र सरायच्या आत आवाज बंद. कारण काय, तर संगीत दुसऱ्याच्या मालकीचं! समर्थ रामदासांच्या नावानं चालत आलेले शब्द, पणजोबांकडून आलेली चाल. हा निकाल कोणत्याही न्यायाधीशानं दिला नव्हता. ध्वनी जुळवून पाहणाऱ्या एका प्रोग्रामनं दिला होता.

[मांडवी. फेरीबोट धक्क्याला लागते.]

जुन्या गोव्याहून दिवाडीला जाणारी फेरीबोट. किती माणसं घ्यायची, हे कायदा ठरवतो. उतरणाऱ्यांना आधी वाट द्यायची, ही रीत. गाडीचं भाडं, ही किंमत. आणि ही लोखंडी फळी. ती उचलली की पोलीस लागत नाही, पाटी लागत नाही. तुम्ही धक्क्यावरच.

कायदा, रीत, बाजार आणि रचना. माणसाच्या वागण्याला हे चार बांध असतात, असं अमेरिकेतले कायद्याचे प्राध्यापक लॉरेन्स लेसिग यांनी १९९९ साली 'कोड अँड अदर लॉज ऑफ सायबरस्पेस' या पुस्तकात मांडलं. इंटरनेटवरची रचना म्हणजे कोड, प्रोग्राममध्ये लिहिलेल्या सूचना. ही फळी कंपन्या बांधतात, आणि विधानसभेत तिच्यावर चर्चा होत नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ आहे, खऱ्या धार्मिक विधीत केलेल्या गायन-वादनाला त्यात सूट आहे. प्रोग्रामला कलम ५२ कुठून ठाऊक असणार?

[पाटो, पणजी. कृष्णदास शामा ग्रंथालय. जुन्या पुस्तकांची पानं उलटताना.]

कॉपीराइटची मुदत संपलेली पुस्तकं नेटवर सर्वांसाठी ठेवणारे एरिक एल्ड्रेड नावाचे एक गृहस्थ अमेरिकेत होते. १९९८ मध्ये तिथल्या संसदेनं कॉपीराइटची मुदत २० वर्षांनी वाढवली आणि सार्वजनिक होऊ घातलेली पुस्तकं पुन्हा कुलुपात गेली. लेसिग त्यांचे वकील झाले. ऑक्टोबर २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्यांनी युक्तिवाद केला. निकालाची वाट पाहत ते बसून राहिले नाहीत. त्यांनी सहकाऱ्यांबरोबर उभ्या केलेल्या क्रिएटिव्ह कॉमन्स संस्थेनं त्याच डिसेंबरात पहिले परवाने काढले: माझं नाव द्या आणि वापरा, असं निर्मात्यानंच आधी सांगून ठेवायचं. १५ जानेवारी २००३ ला खटला सात विरुद्ध दोन असा हरला. परवाने मात्र जगभर गेले.

मुदत आपल्याकडेही वाढलीच. १९९२ मध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षांची ६० झाली.

हे चार खंड कोंकणी विश्वकोशाचे. गोवा विद्यापीठानं २०१३ मध्ये ते क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली खुले केले. आज ते कोणीही उतरवून घ्यावं, वापरावं. आपली मराठी नाटकं, भजनं, दशावतारी संहिता अजून घरोघरच्या ट्रंकांत आहेत. त्यांचीही वेळ आली आहे, हे आम्ही मनापासून सांगतो.

[पुन्हा अंगण. मुलं चित्रणासाठी फोन उभा करतात.]

मुलांनी हरकत नोंदवली, आवाज परत आला. तोवर विसर्जन होऊन गेलं होतं.

यंदाचं हे चित्रण त्यांनी खुल्या परवान्यानं टाकलं आहे. आता आरती पूर्ण ऐका.

[घुमट.]