लसींचं काम ट्रान्सप्लांटच्या आधी

डायलिसिसच्या खुर्चीवर बसणाऱ्यांना आणि बाहेरच्या बाकावर चार-चार तास थांबणाऱ्या त्यांच्या माणसांना माझं एक कळकळीचं सांगणं आहे. लसी किडनी ट्रान्सप्लांटच्या आधी उरकून घ्या.

नवी किडनी शरीराला परकी वाटते. ती रिजेक्ट होऊ नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरू होतात. पण ज्या पेशींना ही औषधं आवरतात, लस घेतल्यावर अँटिबॉडी तयार होण्यासाठी त्याच पेशींची गरज असते. कोविडमध्ये हे लख्ख दिसलं. 2021 मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी ट्रान्सप्लांट झालेल्या 658 जणांचं रक्त तपासलं. एमआरएनए लसीचे दोन्ही डोस होऊनही अँटिबॉडी सापडल्या त्या 54 टक्के लोकांतच. मायकोफेनोलेटच्या जातीची औषधं घेणाऱ्यांत त्याहून कमी. म्हणूनच या रुग्णांना जादा डोस द्यावे लागले.

आपल्याकडे बहुतेक किडन्या घरातलंच माणूस देतं. तपासण्या, कागदपत्रं, समितीची परवानगी यात वेळ जातोच. तो वेळ लसींसाठी वापरा. हिपॅटायटिस बीची लस डायलिसिसवरच्या रुग्णाला दुप्पट मात्रेत, सहा महिन्यांत चार वेळा देतात. शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी टायटर करायचा, म्हणजे रक्तात अँटिबॉडी किती झाल्या ते मोजायचं. तो किमान 10 mIU/mL हवा. हे न बघताच कित्येक जण ‘लस झाली’ म्हणतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. न्यूमोनियाची लसही याच काळात घ्या. कांजिण्या, गोवर यांच्या लसींत जिवंत विषाणू असतो. त्या लागणार असतील तर ऑपरेशनच्या किमान चार आठवडे आधी. नंतर त्या सहसा देत नाहीत.

ज्यांचं ट्रान्सप्लांट झालंय, त्यांनी निराश होऊ नये. फ्लूचं इंजेक्शन दरवर्षी घ्यायचंच, बाकीच्या निर्जीव लसी साधारण तीन ते सहा महिन्यांनी सुरू करता येतात. नागिणीची नवी लसही निर्जीवच आहे. ‘लस घेतली तर क्रिएटिनिन वाढेल’, म्हणजे किडनी बिघडेल, ही भीती घरोघरी ऐकू येते. पण लसींमुळे रिजेक्शन वाढतं, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. मात्र लस चांगली लागावी म्हणून आपल्या मनानं गोळ्या बंद करू नका. त्यानं किडनी जाऊ शकते.

आणि घरच्यांनो, रुग्णाचं शरीर जे करू शकत नाही, ते तुमच्या लसींनी करायचं आहे. घरातल्या प्रत्येकानं फ्लूची लस घ्यावी. नातवाला गोवर-कांजिण्यांच्या लसी जरूर द्या. फक्त पोलिओच्या थेंबांतला विषाणू बाळाच्या शीतून काही आठवडे बाहेर पडतो. म्हणून आजोबांच्या ट्रान्सप्लांटबद्दल बालरोगतज्ज्ञांना आधीच सांगा आणि इंजेक्शनच्या पर्यायाबद्दल विचारा. रोटाव्हायरसचे थेंब द्यायला हरकत नाही, पण त्यानंतर महिनाभर लंगोट बदलायचं काम आजोबांकडे नको.

ज्यांनी फाइल बरोबर आणली आहे, त्यांनी पुढे या. हिपॅटायटिस बीचा शेवटचा टायटर कधीचा आहे, ते आत्ताच बघू.