मागची बाजू दाखवा

सुरुवात करण्याआधी ही गोधडी पहिल्या रांगेतून मागे जाऊ दे, हात लावून बघा, बिनधास्त लावा. हिला कवंदी म्हणतात. उत्तर कन्नड जिल्ह्यात, यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या भागात सिद्दी बायका ती शिवतात. त्यांच्यातल्या बऱ्याच जणींचे पूर्वज पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून आफ्रिकेतून गोव्यात आणलेले, तिथून पळाले आणि घाटावरच्या जंगलात जाऊन राहिले. घरात बोलतात ती कोकणी, त्यात मराठी आणि कानडी मिसळलेली, त्यामुळे आपल्याला कानावर पडलं की अर्धंअधिक कळतं. खाली जुनी साडी, वर फाटक्या कपड्यांचे तुकडे, आणि एका कोपऱ्यापासून धावदोरा घालत कडेकडेने फिरत फिरत ती बाई मध्यावर येते तेव्हा कवंदी पुरी होते. कोपऱ्यावर हे दुमडून लावलेले त्रिकोणी तुकडे दिसतायत ना, ते फुला. फुला नसतील तर कवंदी नागडी, असं त्या म्हणतात.

आता आम्ही चारपाच जण आफ्रिकन डायस्पोराच्या, म्हणजे आफ्रिकेतून जगभर पांगलेल्या लोकांच्या, आजच्या कलेचं व्हर्च्युअल म्युझियम करायला बसलो, तेव्हा पहिला फोटो या कवंदीचाच काढला. जमिनीवर अंथरली, वरून फ्लॅश मारला आणि स्क्रीनवर बघतो तर छापील चादर! टाकाच गायब. मग फ्लॅश बंद केला आणि एकच दिवा अगदी जमिनीलगत, बाजूने लावला, तेव्हा प्रत्येक टाक्याची बारीक सावली पडली आणि कापड शेतातल्या सरींसारखं दिसायला लागलं. नंतर ती उलटी केली, आणि मागे अख्खी साडी, काठासकट, पदरासकट, कुणीतरी वर्षानुवर्षं नेसलेली. तेव्हापासून मी हेच सांगत फिरतोय की ऑनलाइन म्युझियममध्ये वस्तूची मागची बाजू दाखवायलाच हवी, आणि मागची बाजू म्हणजे नुसतं कापड नाही, कुणी केली, कुठून आली, कुणाच्या हातातून गेली हे सगळं.

लुबैना हिमिद या चित्रकर्तीचं उदाहरण देतो. जन्म 1954 चा, झांझिबारचा, वाढल्या इंग्लंडात, 2017 साली टर्नर प्राइझ हा ब्रिटनमधला मोठा कलापुरस्कार मिळाला. 2004 मध्ये त्यांनी माणसाच्या उंचीच्या 100 रंगवलेल्या आकृत्या उभ्या केल्या, युरोपातल्या श्रीमंतांकडे गुलाम म्हणून राबणारी माणसं, कुणी ढोल वाजवणारा, कुणी नकाशे काढणारा. पुढून बघितलं तर रंगीबेरंगी मेळा, आणि प्रत्येकाच्या मागे हिशेबाच्या कागदावर दोन नावं, आईबापांनी ठेवलेलं एक आणि मालकाने दिलेलं दुसरं. मला हे बघताना आपला मलिक अंबर आठवतो. इथिओपियात जन्मलेला तो मुलगा मुळात चापू, असं इतिहासकार सांगतात, विकत घेणाऱ्या एका मालकाने त्याचं अंबर केलं. पुढे त्याने निजामशाही सांभाळली, खडकी वसवली, 1626 मध्ये गेला, खुलताबादला कबर आहे, आपण शाळेत हे सगळं शिकलो पण चापू हे नाव मला तरी कुणी सांगितलं नव्हतं.

नावांचं काम करता येतं, नाही असं नाही. 1897 मध्ये इंग्रजांनी आजच्या नायजेरियातल्या बेनिन राज्याचा राजवाडा लुटला आणि तिथली पितळी, हस्तिदंती कामं जगभर गेली. 2022 मध्ये डिजिटल बेनिन नावाची साइट सुरू झाली, 5,000 हून जास्त वस्तू, 131 संस्थांमधल्या, एका जागी बघता येतात. मला सगळ्यात आवडलं ते असं की वस्तूंची तिथल्या लोकांच्या एडो भाषेतली नावं तिथे आहेत आणि ती म्हणून दाखवलेली ऐकता येतात. कवंदीला नुसतं क्विल्ट लिहिलं तर फुला कुठे जाणार, हाच प्रश्न आमच्यापुढे आहे.

वस्तू स्वतःच्या ताब्यात असायलाच हवी असंही नाही. सॅन फ्रान्सिस्कोचं आफ्रिकन डायस्पोरा म्युझियम 2005 पासून चालू आहे आणि ते स्वतःचा संग्रह करतच नाही. पण एक सांगतो, हयात कलाकाराचं काम परवानगीशिवाय टाकायचं नाही म्हणजे नाही. आणि गावातली गोधडी आहे म्हणून परवानगी लागत नाही हा समज तर डोक्यातून काढूनच टाका, शिवणारी बाई समोर बसलीय, तिला नाव आहे, विचारा.

टेक्निकल भाग थोडक्यात. मोठा फोटो अख्खा पाठवायचा नाही, त्याचे चौकोनी तुकडे करायचे, बघणारा जिथे झूम करेल तेवढेच तुकडे जातात, मग गावातल्या साध्या मोबाइलवरही टाका दिसतो. ज्यांची कला आहे त्यांच्याच फोनवर साइट उघडली नाही तर ती कुणासाठी केली?

आणि आवाज! अटलांटिकपार सुमारे सव्वा कोटी आफ्रिकन माणसं जहाजांत कोंबली गेली, त्यावर बरंच काम झालंय, पण हिंद महासागराकडून आलेल्यांची दालनं अजून छोटीच आहेत. ब्राझीलचं बेरिंबाऊ म्हणजे धनुष्य, त्याला भोपळा बांधलेला, काडीने तार वाजवायची. गुजरातेत भरूचजवळ रतनपूरला बावा गोरचा दर्गा आहे, तिथल्या सिद्दींचं मलुंगाही धनुष्य आणि भोपळाच. त्यांच्या नाचगाण्याला गोमा म्हणतात आणि स्वाहिलीत ढोलाला न्गोमा. ही दोन्ही वाद्यं एकाच पानावर, एका बटणावर एक, दुसऱ्यावर दुसरं, शेजारी शेजारी ऐकवायची, आणि खाली वाजवणाऱ्याचं नाव. बिल्डिंगमधल्या म्युझियमला हे सहज जमणार नाही, आपल्याला जमतं.

गोधडी कुठपर्यंत पोचली? शेवटच्या रांगेत, बरं. आता ती उलटी करा आणि डाव्या कोपऱ्यात बघा, लाल दोऱ्याने तीन अक्षरं आहेत. ते तिचं नाव आहे. फोटोत ते आलं नव्हतं, उद्या सकाळी पुन्हा काढायचाय.