प्रक्षेपक तोच, बाण नवा : पिनाकाचा पल्ला आणि नेम

मित्रहो, आपणा नाशिककरांपैकी काहींनी देवळालीच्या फायरिंग रेंजवर तोफखान्याचे ‘तोपची’ हे प्रात्यक्षिक पाहिले असेल. त्यात पिनाकाची, म्हणजे एकामागून एक अनेक बाण (रॉकेट) सोडणाऱ्या प्रणालीची, पाळी येते तेव्हा आठ चाकांचा एक अवजड ट्रक, म्हणजेच तिचा प्रक्षेपक, येऊन उभा राहतो, त्याचे चार हायड्रॉलिक पाय जमिनीवर घट्ट टेकतात आणि पाठीवरच्या दोन पेट्या, प्रत्येकीत सहा नळ्या असलेल्या, हळूहळू आकाशाकडे वळतात. मग पहिला बाण सुटतो. साधारण चार सेकंदांनी दुसरा, पुन्हा तेवढ्याच अंतराने तिसरा, असे बाराही बाण ४४ सेकंदांत निघून जातात. मागे धुळीचा लोट उरतो आणि तो खाली बसण्यापूर्वी ट्रकने पाय उचलून जागा सोडायची असते. कारण शत्रूचे रडार बाणाच्या मार्गावरून त्याचे उगमस्थान शोधून काढते आणि उत्तरादाखल येणारा मारा त्याच जागेवर येतो. तोफखान्यात काढलेल्या वर्षांनी मला एक गोष्ट पक्की शिकवली आहे : मारा करण्याइतकेच तिथून वेळेत निघून जाणेही महत्त्वाचे असते.

ही प्रणाली आपल्या मातीतली आहे. पुण्यात पाषाणला असलेल्या डीआरडीओच्या शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्थेने, म्हणजे ‘एआरडीई’ने, १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात तिचे काम हाती घेतले. बाणाचे इंधन सुतारवाडीच्या प्रयोगशाळेने सिद्ध केले, वाहनाच्या कामात तेव्हाच्या अहमदनगरच्या वाहन संशोधन संस्थेचा हात होता, आणि पुढे बाणांच्या उत्पादनात नागपूरच्या अंबाझरी आयुधनिर्माणीचा मोठा वाटा राहिला. सैन्यापाशी त्याआधी रशियन बनावटीची ग्राड ही रॉकेट प्रणाली होती. १२२ मिलिमीटर व्यासाच्या चाळीस नळ्या आणि पल्ला सुमारे वीस किलोमीटर. पिनाकाचा बाण २१४ मिलिमीटर व्यासाचा, जवळजवळ पाच मीटर लांब, पावणेतीनशे किलो वजनाचा आणि सुमारे शंभर किलोचे स्फोटक शीर्ष वाहणारा. त्याचा पहिला पल्ला साडेसदतीस किलोमीटरांचा होता. कारगिलच्या युद्धात, १९९९ साली, प्रणाली अजून चाचण्यांत असतानाच ती मर्यादित प्रमाणात वापरली गेली आणि २००० साली पिनाकाची पहिली रेजिमेंट उभी राहिली.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. पल्ला वाढवणे म्हणजे प्रगती, असे आपण सहज धरून चालतो. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांतही पल्ल्याचाच आकडा असतो. परंतु बिनमार्गदर्शित, म्हणजे सुटल्यावर स्वतःची दिशा सुधारू न शकणाऱ्या, बाणाच्या बाबतीत पल्ला वाढला की नेम बिघडतो, आणि तो का बिघडतो हे समजल्याशिवाय मार्गदर्शित पिनाकाचे मोल कळणार नाही.

तोफेचा गोळा नळीतून बाहेर पडतो तेव्हाच त्याचा वेग सर्वाधिक असतो. बाणाचे तसे नाही. तो नळी सोडतो तेव्हा मंद असतो आणि त्याची मोटर पुढेही काही काळ जळत राहते. या पहिल्या क्षणांत वारा त्याच्याशी खेळतो. वारा डावीकडून आला तर बाण उजवीकडे ढकलला जाईल, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात शेपटाचे पंख वाऱ्याने ढकलले जातात, नाक वाऱ्याच्या दिशेने वळते आणि जळती मोटर बाणाला त्याच दिशेने, म्हणजे डावीकडे, घेऊन जाते. म्हणूनच पिनाकाच्या बॅटरीसोबत, म्हणजे सहा प्रक्षेपकांच्या तुकडीसोबत, हवामान मोजणारे पथक असते, आणि माऱ्याआधी वरच्या थरांतल्या वाऱ्याचे आकडे गणनेत धरावे लागतात. तरीही थोडी चूक उरतेच. ही चूक एका अंशाची धरा. अडतीस किलोमीटरांवर बाण सुमारे साडेसहाशे मीटर बाजूला पडेल. पंचाहत्तर किलोमीटरांवर तेराशे मीटर. तेराशे मीटरांत एखादे आख्खे गाव मावते. लढाई सीमेलगत होते आणि सीमेलगत माणसे राहतात, हे ज्याने ती ठाणी पाहिली आहेत त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

मार्गदर्शित पिनाकात बाणाच्या पुढच्या भागात हलणारे छोटे पंख आणि दिशादर्शक यंत्रणा बसवली आहे. या भागाचे काम हैदराबादच्या संशोधन केंद्राने केले. बाणाला उड्डाणात आपली जागा सतत कळते, उपग्रहांची मदत मिळते आणि वाऱ्याने केलेली चूक तो वाटेतच सुधारतो. जानेवारी २०१७मध्ये ओडिशातील चांदीपूरला या रूपाची पहिली चाचणी झाली. नोव्हेंबर २०२४मध्ये सैन्याच्या वापरातल्या दोन प्रक्षेपकांवरून प्रत्येकी बारा मार्गदर्शित बाण सोडून चाचण्यांचा टप्पा पूर्ण झाला.

‘सैन्याच्या वापरातले प्रक्षेपक’ हे शब्द माझ्या मते या सगळ्या कहाणीतले सर्वांत मोलाचे आहेत. बाण बदलला, पण आवश्यक सुधारणा करून प्रक्षेपक तोच राहिला. ट्रक तोच, चालक तोच, सुटे भाग तेच, आणि ज्या जवानांनी वर्षानुवर्षे पेट्या चढवण्याचा सराव केला त्यांचे हात कामी आले. ऑगस्ट २०२०मध्ये सहा रेजिमेंटांसाठी ११४ प्रक्षेपकांचा सुमारे २,५८० कोटी रुपयांचा करार झाला. त्यात टाटा पॉवर, लार्सन अँड टुब्रो आणि वाहनांसाठी बीईएमएल होती. नवा बाण आला म्हणून ही गुंतवणूक भंगारात जात नाही. ज्यांनी सुरुवातीलाच नळ्या ट्रकला कायमच्या न जोडता उतरवता येणाऱ्या पेट्यांत बसवल्या, त्या अभियंत्यांच्या दूरदृष्टीला मी मनापासून वंदन करतो.

याचा अर्थ जुना बाण मोडीत निघाला असा नाही. फेब्रुवारी २०२५मध्ये संरक्षण मंत्रालयाने १०,१४७ कोटी रुपयांचे करार केले. त्यांतली मोठी मागणी नागपूरच्या इकॉनॉमिक एक्स्प्लोझिव्ह्ज आणि पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया या कंपन्यांकडे नोंदवलेल्या पिनाकाच्या बिनमार्गदर्शित बाणांची होती. विस्तृत क्षेत्रात पसरलेल्या फौजेवर अचानक मारा करायचा तर सहा प्रक्षेपकांची एक बॅटरी पाऊण मिनिटात बहात्तर बाण सोडते, आणि तिथे प्रत्येक बाणाला महाग मार्गदर्शन देणे व्यर्थ ठरते. एखादा पूल, दारूगोळ्याचा साठा किंवा मुख्यालय टिपायचे तर मात्र मार्गदर्शित बाणच हवा. आर्मेनिया हा पिनाकाचा पहिला परदेशी ग्राहक. अझरबैजानशी झालेल्या २०२०च्या युद्धात त्याच्या तोफखान्याने ड्रोनच्या हल्ल्यांत मोठे नुकसान सोसले होते, त्यामुळे झटपट मारा करून जागा सोडणारे शस्त्र त्याला का हवेसे वाटले असेल, हे तोफखान्यातल्या माणसाला सहज उमगते.

वापरणाऱ्याचे काम मात्र यामुळे हलके झालेले नाही. पूर्वी आमचे डोके वाऱ्यात गुंतलेले असे; आता ते लक्ष्याच्या अचूक ठिकाणात गुंतते. मार्गदर्शित बाण दिलेल्या बिंदूवर जातो, मग तो बिंदू बरोबर असो वा चूक. पंचाहत्तर किलोमीटर दूरचे ठिकाण डोंगरावर बसलेल्या निरीक्षकाला दिसत नाही. ते ड्रोनने, उपग्रहाने किंवा तोफा हुडकणाऱ्या स्वाती रडारने सांगावे लागते, आणि ती माहिती बॅटरीच्या कमांड पोस्टपर्यंत शिळी होण्याआधी पोहोचावी लागते. त्या कमांड पोस्टमध्ये बसलेला तरुण अधिकारी आकडे दुसऱ्यांदा तपासतो, तेव्हाच प्रक्षेपकाला आदेश जातो.