नाउरू: शिटेच्या पैशाचं पुढे काय झालं

नाउरूच्या फोटोंत करडे सुळके दिसतात ना, पडके बुरूज नाहीत ते. पॅसिफिकमधलं नाउरू बेट आहे, अख्खा देश २१ चौरस किलोमीटर, आणि हे सुळके म्हणजे फॉस्फेट (खतासाठी लागणारं खनिज) खरवडून नेल्यावर मागे उरलेला प्रवाळाचा दगड. इथे नीट पाय ठेवायला जागा नाही, शेतीचं तर सोडाच. बेटाचा जवळपास ८० टक्के भाग असाच झालाय.

१९०७ ला खोदकाम सुरू झालं, आधी जर्मन राजवटीत, मग ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि न्यूझीलंडनं मिळून माल नेला, तिकडच्या शेतांना स्वस्तात खत. १९६८ ला नाउरू स्वतंत्र झालं, १९७० मध्ये धंदा स्वतःच्या हातात आला आणि मग पैसा इतका आला की विचारू नका. इन्कम टॅक्स नव्हता, दवाखाना फुकट, शाळा फुकट.

लोक म्हणतात नाउरूवाले माजले, पैसा उधळला. थोडं खरंय. पण फॉस्फेट संपणार हे त्यांना पक्कं माहीत होतं हो, म्हणून तर पुढच्यासाठी पैसा गुंतवायला ट्रस्ट काढला, १९७७ मध्ये मेलबर्नला ५२ मजली नाउरू हाउस उभं केलं (मेलबर्नवाले त्याला पक्ष्यांच्या शिटेचा टॉवर म्हणायचे, फॉस्फेट शिटेपासूनच झालं म्हणून). कागदावर प्लॅन चांगलाच होता की!

गोची वेगळीच होती. दहा हजाराच्या आसपास वस्ती, सगळे एकमेकांचे पाहुणे, त्यात तेव्हा खिशातून टॅक्स जात नव्हता, मग सरकारला हिशोब विचारणार कोण? स्वतःची एअरलाइन काढली, बोइंग घेतली, इतक्याशा देशात विमानं भरणार कशी? १९९३ मध्ये तर लंडनला लिओनार्दो दा विंचीवरच्या म्युझिकलमध्ये पैसे घातले, ते काही आठवड्यांत बंद. इकडे फॉस्फेट आटत चाललं, खर्च तसाच, मग बिल्डिंगा गहाण टाकून कर्ज. २००४ मध्ये टॉवर विकला गेला, २००५ मध्ये उरलेलं शेवटचं विमानही कर्जापायी गेलं.

जमिनीच्या नासाडीबद्दल नाउरूनं ऑस्ट्रेलियाला आंतरराष्ट्रीय कोर्टात खेचलं होतं, १९९३ ला १०.७ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरवर तडजोड झाली. सुळके मात्र अजून तिथेच आहेत. आणि २००१ मध्ये ऑस्ट्रेलियाला नको असलेले निर्वासित ठेवायची छावणी याच बेटावर आली, त्याचे पैसे मिळतात.