जॅकवर चढवलेलं शहर

श्रोतेहो, नमस्कार. आज जायचंय शिकागोला. तिथल्या वस्त्या, स्टेशनं, राहत्या इमारती यांबद्दल बोलू. पण आधी एक किस्सा. तो सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

साल 1861. शिकागोत ट्रेमॉन्ट हाउस नावाचं मोठं हॉटेल होतं. विटांचं, अनेक मजल्यांचं. तिथे एक पाहुणा उतरला होता, असं सांगतात. बाहेरून परतला की रोज त्याला वाटायचं, दारापुढच्या पायऱ्या कालच्यापेक्षा आज जरा जास्त चढाच्या झाल्यात. आला तेव्हा डोळ्यांसमोर असलेल्या खिडक्या, निघायच्या दिवशी पाहतो तर डोक्याच्याही वर! आपली नजर फिरली की काय, असंच त्याला वाटलं असणार.

पण नजर ठीक होती. हॉटेलच वर चाललं होतं! पायाखालची माती काढून तिथे लाकडी तुळया घातल्या होत्या आणि तुळयांखाली हजारो स्क्रू-जॅक. आपण गाडीचं चाक बदलताना लावतो, तसलेच. शेकडो माणसं जॅकपाशी उभी. इशारा झाला की प्रत्येकानं आपला जॅक थोडासा फिरवायचा. सगळ्यांनी एकदम आणि सगळ्यांनी सारखाच. पुन्हा इशारा, पुन्हा थोडासा. असं करत हॉटेल सुमारे 6 फूट वर गेलं. आणि हॉटेल बंद नव्हतं बरं का. पुन्हा सांगतो, हॉटेल बंद नव्हतं! पाहुणे आत राहत होते, जेवत होते, झोपत होते.

त्याच्या आदल्या वर्षी तर लेक स्ट्रीटवरची दुकानांची अख्खी रांग उचलली. लांबी 320 फूट, माणसं सुमारे 600, जॅक सुमारे 6,000. पाच दिवसांत 4 फूट 8 इंच वर, आणि दुकानांत गिऱ्हाइकं चालूच. हे उचलण्याचं काम घेणाऱ्या कंत्राटदारांत जॉर्ज पुलमन होता. पुढे रेल्वेच्या झोपायच्या डब्यांमुळे गाजला, तोच.

एवढा खटाटोप कशासाठी? गटारांसाठी. मिशिगन तळ्याकाठची सपाट, दलदलीची जमीन. पाण्याला उतारच नाही. 1854 मध्ये कॉलऱ्यानं माणसं पटापट गेली. मग चेसब्रो नावाच्या अभियंत्यानं ठरवलं, गटारं वरच घाला, त्यांवर भराव टाका. रस्ते वर गेले, म्हणून इमारतीही वर न्याव्या लागल्या. (आमच्याकडे डांबराचे थर चढतात, रस्ता वर जातो, घर तिथंच राहतं आणि पावसाळ्यात पाणी थेट स्वयंपाकघरात. आधी जुना थर खरवडा, मग नवा टाका, हे किती वर्षं सांगायचं?)

सगळीच घरं काही उचलली गेली नाहीत. पिल्सन नावाची वस्ती आहे, आधी चेक लोकांची, नंतर मेक्सिकन लोकांची. तिथे अजून फुटपाथ उंच आणि जुन्या घरांचं अंगण खाली, अशा गल्ल्या दिसतात. अंगणात जायला पायऱ्या उतरायच्या. पिंक लाइनच्या एटीन्थ स्टेशनवर उतरा. स्टेशनच्या भिंतीही मेक्सिकन चित्रांनी रंगवलेल्या आहेत.

ती पिंक लाइन म्हणजे 'एल' या शहरी रेल्वेचा एक मार्ग. मार्गांना रंगांची नावं. रस्त्यावर लोखंडी खांब, खांबांवर रूळ, आणि गाडी लोकांच्या दुसऱ्या मजल्याच्या खिडकीसमोरून. 'एल' 1892 मध्ये सुरू झाली तेव्हा वाफेच्या इंजिनावर चालायची. मधल्या शहराला वेढा घालणारा 'लूप' 1897 चा.

नदीकाठी मरीना सिटीचे दोन गोल मनोरे आहेत, 1960 च्या दशकातले. लोक त्यांना मक्याची कणसं म्हणतात. खालचे 19 मजले नुसत्या मोटारींसाठी! माणसं राहतात त्याच्या वर. पैसा उभा केला होता इमारतींत झाडलोट करणाऱ्या कामगारांच्या युनियननं.

एक तक्रार मात्र करतोच. 'वेस्टर्न' या एकाच नावाची तिथे पाच स्टेशनं आहेत, त्यांतली दोन तर एकट्या ब्लू लाइनवर! स्टेशनाचं नाव कसं दादर, परळसारखं हवं. ऐकलं की पाय आपोआप दाराकडे वळतात. तेव्हा तिथे कुणी 'वेस्टर्नला भेटू' म्हणालं, तर आधी लाइनचा रंग विचारा. आणि रंग ब्लू निघाला, तर लाइनची कुठली शाखा, तेही विचारा.